निनावी लेखनातील ‘मी’ : ‘एक हिंदू’ ते ‘विभावरी शिरूरकर’

प्रस्तावना

मराठीत ‘निनावी पत्र’ हा शब्दप्रयोग चांगल्या अर्थाने क्वचितच योजला जातो. जमत आलेले लग्न मोडावे म्हणून वधूच्या किंवा वराच्या घरी टपालाने आलेले आणि सहीच्या जागी ‘एक हितचिंतक’ एवढेच लिहिलेले पत्र मराठी कुटुंबांना चांगलेच परिचित आहे. शासनव्यवहारातही निनावी मजकुराकडे संशयानेच पाहिले जाते. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये निनावी व खोट्या नावाने आलेल्या तक्रारींवर कार्यवाही करू नये, असे निर्देश दिले होते. जो आपले नाव सांगत नाही तो आपल्या शब्दांची जबाबदारी घेत नाही, ही या संशयामागील समजूत आहे आणि ती सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही.

तथापि मराठी समाजाच्या आधुनिक इतिहासाकडे पाहिले असता एक वेगळेच चित्र दिसते. परकीय सत्तेचे अर्थकारण, जातिव्यवस्था, पुरोहितशाही, बालविवाह, सक्तीचे वैधव्य आणि शिक्षित स्त्रीचे कोंडलेले मन या विषयांवरील महत्त्वाचे लेखन प्रथम वाचकांसमोर आले तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते. ज्या मजकुराला कोणी धनी नाही असे वाटावे, त्याच मजकुराने पुढील पिढ्यांचे विचारविश्व घडविले. या लेखनाचा ऐतिहासिक अंगाने पुष्कळ विचार झालेला आहे. त्याच्या वाङ्मयीन अंगाचा, विशेषतः नाव झाकल्यामुळे लेखनातील ‘मी’चे काय होते या प्रश्नाचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. नाव लपविले की लेखकाचे व्यक्तित्वही लपते, की नाव लपविल्यामुळेच ते प्रथम प्रकट होते, या प्रश्नाचा काही निवडक उदाहरणांच्या आधारे शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. केशवसुत, गोविंदाग्रज किंवा कुसुमाग्रज ही टोपणनावे वाङ्मयीन अलंकारासारखी आहेत. त्यांमागील व्यक्ती वाचकांना ठाऊक असते आणि ती ठाऊक असण्याने काही बिघडत नाही. येथे विचारात घेतलेली नावे या प्रकारची नाहीत. ती धारण करणाऱ्यांपुढे नोकरी, जातीतील स्थान, कुटुंब किंवा अब्रू यांपैकी काही ना काही गमावण्याचा धोका उभा होता. महाराष्ट्रात नावाला आणखी एक परिमाण आहे. आडनावावरून जात, प्रांत आणि पुष्कळदा घराण्याचा व्यवसाय यांविषयी अंदाज बांधला जातो. त्यामुळे येथे नाव झाकणारा लेखक केवळ स्वतःला झाकत नाही. आपले म्हणणे वाचण्याआधीच वाचक जो निवाडा करून मोकळा होतो, त्या निवाड्याचा आधारच तो काढून घेतो.

नावाबरोबर झाकला गेलेला ‘मी’

१८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी वृत्तपत्रात ‘एक हिंदू’ अशा अर्थाच्या सहीने आठ पत्रे प्रसिद्ध झाली. इंग्रजी राजवटीत हिंदुस्थानची संपत्ती कशी ओढली जात आहे आणि येथील उद्योगधंदे कसे बुडत आहेत, याची तिखट मांडणी त्यांत होती. पत्रलेखक होते भास्कर पांडुरंग तर्खडकर. त्यांचे वय तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे होते. दादाभाई नौरोजींनी ‘इंग्लंड्स डेट टू इंडिया’ हा निबंध वाचला १८६७ मध्ये. म्हणजे संपत्तीच्या अपहाराचा विचार त्यापूर्वी पाव शतक एका तरुणाने इंग्रजांच्याच वृत्तपत्रात, इंग्रजांच्याच भाषेत आणि नाव न सांगता मांडला होता. १८४७ मध्ये भास्कर पांडुरंग निवर्तले.

या पत्रांतील सही लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ‘एक हिंदू’ हे नाव नाही, पण ते मौनही नाही. ती एक भूमिका आहे. राज्यकर्त्यांच्या वाचकवर्गासमोर एक प्रजाजन उभा राहतो आणि आपण कोण हे न सांगता आपण कोणाच्या वतीने बोलतो एवढेच सांगतो. येथे व्यक्ती जाणीवपूर्वक पुसलेली आहे, कारण युक्तिवादाला तिची गरज नाही. आकडे, धोरणे आणि परिणाम बोलतात, बोलणाऱ्याचा स्वतःचा अनुभव दूर राहतो.

सात वर्षांनी हीच रीत मराठीत अधिक विस्ताराने अवतरली. गोविंद विठ्ठल कुंटे उर्फ भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात मार्च १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे येऊ लागली. १८५० पर्यंत त्यांची संख्या १०८ झाली आणि ती ‘शतपत्रे’ या नावाने मान्यता पावली. गोपाळ हरि देशमुख हे त्यांचे लेखक. ते पुण्याच्या ब्राह्मण घराण्यातील आणि सरकारी नोकरीत होते. पत्रलेखनाच्या आरंभी त्यांचे वयही पंचवीसच होते. त्यांनी ज्यांच्यावर सर्वांत कठोर टीका केली, तो वर्ग त्यांच्या स्वतःच्या नातेवाइकांचा आणि शेजाऱ्यांचा होता.

‘लोकहितवादी’ या सहीत ‘एक हिंदू’हून एक पाऊल पुढे टाकलेले दिसते. पहिल्या सहीत लेखक आपला समूह सांगतो, तर दुसऱ्या सहीत तो आपला हेतू सांगतो. टीका कडू असेल, परंतु ती लोकांच्या हिताची आहे, अशी ग्वाही सहीच देते. या सहीच्या आश्रयाने शतपत्रांना त्यांचा विशिष्ट स्वर लाभला. आप्ताने आप्ताला खडसवावे तसा तो स्वर आहे. त्यात संताप आहे, उपहास आहे, उतावळेपणाही आहे. मात्र शंभराहून अधिक पत्रे वाचूनही वाचकाच्या हाती लेखकाचे खाजगी आयुष्य जवळजवळ काहीच लागत नाही. त्याला स्वतःला काय सोसावे लागले, घरात त्याने काय बदलले, कोठे त्याला माघार घ्यावी लागली, याविषयी पत्रे फारशी बोलत नाहीत. नाव झाकले गेले आणि त्याबरोबर ‘मी’ही झाकला गेला.

हा दोष म्हणून सांगण्याचे कारण नाही. सार्वजनिक युक्तिवादाची ती एक शिस्त होती. पण तिची एक मर्यादा येथे नोंदवावी लागते. समाजाचे दोष दाखविणारा लेखक स्वतः त्या समाजात नेमका कोठे उभा आहे, हा प्रश्न अशा लेखनात टाळता येतो. टोपणनाव जसे लेखकाला समाजाच्या रोषापासून वाचविते, तसेच ते त्याला स्वतःच्या कसोटीपासूनही वाचवू शकते.

नावांची वही

वृत्तपत्रातील सहीने एका माणसाचा विचार झाकता येतो. अनेकांनी मिळून वेगळे वागायचे ठरविले तर काय होते, याचे उत्तर परमहंस सभेच्या इतिहासात मिळते. भास्कर पांडुरंगांचे वडील बंधू दादोबा पांडुरंग यांच्या प्रेरणेने १८४९ मध्ये मुंबईत ही सभा स्थापन झाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते. जातिभेद मानू नये, मूर्तिपूजा करू नये, ईश्वर एक आहे, अशी सभेची मते होती. तिच्या बैठका गुप्तपणे भरत. हिंदू नसलेल्या माणसाने भाजलेला पाव सर्वांनी मिळून खाणे हा सभासदत्वाच्या विधीचा भाग होता. आज किरकोळ वाटणारी ही कृती त्या काळी वाळीत टाकले जाण्यास पुरेशी होती.

सभेची गुप्तता एका वहीवर अवलंबून होती. सभासदांची नावे तिच्यात नोंदलेली होती. १८६० मध्ये ती चोरीस गेली, नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. एका दशकाहून अधिक काळ टिकलेली मंडळी विचारांच्या पराभवामुळे विखुरली नाहीत. त्यांना विखुरण्यास नावांची यादी पुरेशी ठरली.

या घटनेकडे सभासदांच्या भ्याडपणाचा पुरावा म्हणून पाहण्याची प्रथा आहे आणि त्यात तथ्यांश आहे. ज्यांनी एकांतात जात मोडली त्यांना ती चारचौघांत मोडता आली नाही. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १८६७ मध्ये आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रार्थना समाज उघडपणे स्थापन केला, तेव्हा त्यात परमहंस सभेच्या वातावरणात वाढलेली माणसे होती. आत्माराम पांडुरंग हे याच तर्खडकर घराण्यातील तिसरे बंधू. एका भावाने नाव झाकून पत्रे लिहिली, दुसऱ्याने गुप्त सभेला प्रेरणा दिली आणि तिसरा उघड संस्थेचा संस्थापक झाला. हा प्रवास पाहता गुप्ततेला केवळ पलायन म्हणणे अन्यायाचे ठरेल. उघडपणे उभे राहण्यापूर्वीची ती तालीमही होती. अर्थात ही वाट सरळ नव्हती. दादोबांचे ‘धर्मविवेचन’ १८६८ मध्ये, म्हणजे प्रार्थना समाजाच्या स्थापनेनंतरही, ‘एक जगद्वासी आर्य’ या नावानेच प्रसिद्ध झाले.

वहीच्या प्रसंगातून निनावी लेखनाविषयी एक मूलभूत गोष्ट हाती येते. निनावी मजकुराला नाव नसते असे नाही. ते कोणाच्या तरी स्वाधीन असते. सभेत ते वहीत असते, वृत्तपत्रात संपादकापाशी असते, ग्रंथाच्या बाबतीत प्रकाशकापाशी असते. निनावी व्यवहारात म्हणून दोन नव्हे, तीन पक्ष असतात : लिहिणारा, वाचणारा आणि नावाचा विश्वस्त. लेखक किती मोकळेपणाने बोलू शकेल हे वाचकाच्या औदार्यापेक्षा या तिसऱ्या पक्षाच्या सचोटीवर अधिक अवलंबून असते.

नाव न्यायालयात, आवाज वृत्तपत्रात

२६ जून १८८५ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर एक पत्र प्रसिद्ध झाले. त्याखाली ‘हिंदू लेडी’ अशी सही होती. १९ सप्टेंबरला त्याच सहीने सक्तीच्या वैधव्यावर दुसरे पत्र आले. पत्रलेखिका होत्या रखमाबाई. त्यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता, परंतु त्या नांदावयास गेल्या नव्हत्या. त्यांच्या आई जयंतीबाई यांनी वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्या घरात वाढताना रखमाबाईंना वाचनाची गोडी लागली. १८८५ च्या एप्रिलमध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच पहिले पत्र छापून आले.

या पत्रांचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. दादाजींनी १८८४ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला होता. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. दुसरे पत्र या निकालाच्या केवळ दोन दिवस आधीचे आहे. म्हणजे पत्रे लिहिली जात होती तेव्हा लेखिकेचे नाव न्यायालयाच्या कागदोपत्री प्रतिवादी म्हणून उघडपणे लिहिलेले होते. त्या दालनात तिच्या वतीने काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखे कायदेपंडित बोलत होते. त्यांचा युक्तिवाद तिच्या बाजूचा होता, तरी भाषा कायद्याची होती. न्यायालयात तिचे नाव होते, पण आवाज इतरांचा होता. वृत्तपत्रात आवाज तिचा होता, पण नाव नव्हते. एकाच स्त्रीचे एकाच वर्षातील हे दुभंगलेपण निनावी लेखनाच्या संपूर्ण चर्चेत कळीचे आहे.

पहिल्या पत्रात जे घडते ते ‘एक हिंदू’ किंवा ‘लोकहितवादी’ यांच्या पत्रांत घडत नाही. लेखिका रूढीचे सामान्य दोष सांगता सांगता स्वतःकडे वळते. आपण या प्रथेला बळी पडलेल्यांपैकी एक आहोत, अभ्यास आणि मनाची मशागत या आपल्याला सर्वांत प्रिय असलेल्या गोष्टींच्या आड हा विवाह आला, काही अपराध नसता आपल्या वाट्याला एकांतवास आला, असे ती निःसंकोच सांगते. पुरुषांच्या निनावी पत्रांत नावाबरोबर ‘मी’ लुप्त झाला होता. येथे नाव बाजूला सरताच ‘मी’ प्रथमच बोलू लागतो. कुलीन स्त्रीने आपल्या वैवाहिक दुःखाविषयी सार्वजनिकरीत्या बोलावे हे ज्या काळात अकल्पनीय होते, त्या काळात सहीचा पडदा हीच बोलण्याची एकमेव जागा होती. पडद्याआड राहून अधिक उघडपणे बोलता येते, हा विरोधाभास मराठी स्त्रीच्या आत्मप्रकटीकरणाच्या आरंभीच उभा आहे.

दुसऱ्या पत्रात सहीचे कार्य बदलते. सक्तीचे वैधव्य हा रखमाबाईंच्या घरचा अनुभव नव्हता. त्यांच्या जातीत विधवांच्या पुनर्विवाहाला वाव होता आणि त्यांच्या आईने तो केलाही होता. येथे ‘हिंदू लेडी’ स्वतःच्या अनुभवापलीकडे जाऊन उच्चवर्णीय विधवांच्या वतीने बोलते. पहिल्या पत्रात सही वैयक्तिक दुःखाला आश्रय देते, दुसऱ्या पत्रात ती इतरांच्या दुःखाचे प्रतिनिधित्व स्वीकारते. समीक्षकाने या विस्ताराचे मोल ओळखावे, तशीच त्यातील अडचणही ओळखावी. ‘हिंदू लेडी’ ही सही हिंदू स्त्रियांमधील जातिजातींचे अंतर पुसून टाकते. शिवाय पत्रे इंग्रजीत होती. ज्यांच्या व्यथा त्यांत मांडल्या होत्या त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना ती वाचता येणे शक्य नव्हते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८८६ मध्ये अपिलात पिन्हे यांचा निर्णय फिरविण्यात आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांच्या कारावासाचा आदेश दिला. त्यांनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका केली. त्याच वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांचे पत्र प्रसिद्ध झाले, ते मात्र त्यांच्या नावाने. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर त्यांनी दीर्घकाळ सुरत व राजकोट येथे वैद्यकीय सेवा केली. नाव झाकून बोललेले शब्द दोन वर्षांच्या आत त्यांनी नावानिशी निभावले. त्यांच्या पत्रांना जबाबदारीतून सुटका म्हणता येत नाही, ते याच कारणाने.

नाव लिहिण्याचे धैर्य

निनावी लेखनाचे समर्थन करताना त्याच काळात ज्यांनी नाव झाकले नाही त्यांचा विसर पडणे इष्ट नव्हे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मांग जातीची विद्यार्थिनी होती. निबंध तिच्या नावाने छापला गेला आणि त्या नावाला स्वतंत्र अर्थ होता. तर्खडकर किंवा देशमुख यांचे नाव आधीच समाजाच्या खात्यावर मांडलेले होते, म्हणून ते झाकण्यात अर्थ होता. ज्या जातीतील मुलीचे नाव कोणत्याही कागदावर येण्याची शक्यताच नव्हती, तिने ते छापील पानावर येऊ देणे हेच मोठे धाडस होते. यावरून असे म्हणता येईल की नाव लपविणे हीदेखील एक प्रकारची सोय आहे आणि ती सर्वांना सारख्या प्रमाणात उपलब्ध नसते. जो अगोदरच अदृश्य आहे त्याला अदृश्य होण्यातून काही मिळत नाही.

दुसरे उदाहरण ताराबाई शिंदे यांचे. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा ग्रंथ स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील भ्रूणहत्येचा खटला हे त्याचे निमित्त होते. पुरुषांनी स्त्रियांवर लादलेल्या दोषांची एकेक करून पुरुषांच्याच पदरात घातलेली झडती असे त्याचे स्वरूप आहे. ग्रंथावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुनःप्रकाशित करीपर्यंत ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते.

ताराबाईंच्या पुस्तकानंतर तीनच वर्षांनी ‘हिंदू लेडी’ची पत्रे आली. या दोन घटना शेजारी ठेवल्या असता एक प्रश्न उभा राहतो. ताराबाईंनी टोपणनाव घेतले असते तर त्या पुढेही लिहीत राहिल्या असत्या काय? अशा प्रश्नाला निश्चित उत्तर नसते. पण नावानिशी बोलणाऱ्या स्त्रीला जी किंमत मोजावी लागे ती पाहता, पडदा घेणाऱ्या स्त्रीला भित्री ठरविण्याचा अधिकार वाचकाला उरत नाही, एवढे तरी त्यातून स्पष्ट होते.

‘विभावरी’चा शोध

जवळजवळ अर्ध्या शतकाने हाच प्रश्न ललित साहित्यात परत आला. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या किंवा न झालेल्या मुलींच्या मनातील घुसमट, देहाच्या इच्छा, कुटुंबाने त्यांच्या कमाईवर सांगितलेला हक्क हे या कथांचे विषय होते. पुस्तकाने खळबळ माजविली. लेखिका कोण, याविषयी तर्कवितर्क सुरू झाले. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळातील मालतीबाई बेडेकर. त्यांचे शिक्षण हिंगण्याच्या संस्थेत झाले होते आणि त्यांनी तेथे अध्यापनही केले होते. एका शिक्षिकेने असे लिहिले हे तेव्हा उघड होते, तर तिच्या नोकरीवर आणि संस्थेच्या प्रतिष्ठेवर त्याचा काय परिणाम झाला असता, याची कल्पना करणे कठीण नाही.

‘एक हिंदू’, ‘लोकहितवादी’, ‘हिंदू लेडी’ या सह्या समूह किंवा हेतू सांगतात. ‘विभावरी शिरूरकर’ या नावात मात्र तसे काही नाही. ते एका व्यक्तीच्या नावासारखे नाव आहे, नाव आणि आडनाव असलेले. विभावरी म्हणजे रात्र. दिवसा जे बोलता येत नाही ते रात्री बोलले जाते, असा अर्थ कोणाला त्यात दिसला तर तो ओढूनताणून आणलेला म्हणता येणार नाही. ‘हिंदू लेडी’च्या पत्रातील ‘मी’ येथे कथेतील पात्रांत विभागला गेला. लेखिकेला आता दोन पडदे मिळाले : एक टोपणनावाचा आणि दुसरा कल्पिताचा.

या प्रकरणातील खरा धडा वाचकांच्या वर्तनात आहे. पुस्तकावरील चर्चेचा मोठा भाग ‘हे कोणी लिहिले’ या शोधात खर्ची पडला. हा शोध वरवर जिज्ञासेचा दिसला तरी त्यामागे एक अपेक्षा असते. लेखिका सापडली की तिचे चारित्र्य तपासता येते, आणि ते तपासता आले की तिने उपस्थित केलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याची गरज उरत नाही. १८६० मधील वहीची चोरी आणि १९३३ नंतरचा लेखिकेचा शोध यांचे मार्ग भिन्न होते, परंतु दोहोंत विचाराऐवजी नाव गाठण्याची ओढ समान होती. मालतीबाई मात्र लिहीत राहिल्या. ‘बळी’सारखी कादंबरी त्यांनी दिली आणि १९८१ मध्ये मुंबईत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी उघडपणे भूषविले.

अध्यापनाच्या दृष्टीने

हा विषय साहित्येतिहासापुरता मर्यादित नाही. मीरा-भाईंदरसारख्या शहरातील महाविद्यालयांत तो रोज समोर येतो. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली या शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. २००२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. उत्तनच्या कोळीवाड्यातील, भाईंदरच्या जुन्या वस्तीतील आणि मीरा रोडच्या नव्या संकुलांतील विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू, कोकणी अशा अनेक भाषांची घरे एका इमारतीत असतात. महानगराच्या या टोकाला माणूस गर्दीत अनोळखी असतो, पण इमारतीच्या प्रवेशद्वारावरील पाटीवर त्याचे आडनाव लिहिलेले असते आणि त्यावरून त्याची ओळख ठरते. स्वतःची स्वतंत्र खोली नसलेल्या, घरात आणि लोकलच्या डब्यात सारखीच दाटी अनुभवणाऱ्या तरुणाला मनातील गोष्ट नाव न सांगता कोठेतरी बोलावीशी वाटणे स्वाभाविक आहे.

महाविद्यालये विद्यार्थ्यांकडून नावाविना अभिप्राय घेतात, सूचनापेट्या ठेवतात. त्यांत येणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी काही खोडसाळ असतात, काही सूड उगविणाऱ्या असतात, तर काहींत एखाद्याने आयुष्यात प्रथमच स्वतःविषयी लिहिलेले असते. या सर्वांना एकच माप लावणे योग्य नव्हे. येथे वर केलेल्या विवेचनातून तीन कसोट्या हाती येतात. पहिली कसोटी अशी की, लेखन कोणाकडे बोट दाखविते? दुसऱ्याच्या नावावर चिखल उडविण्यासाठी स्वतःचे नाव झाकणारा ‘हितचिंतक’ आणि स्वतःचे दुःख सांगण्यासाठी नाव झाकणारी ‘हिंदू लेडी’ यांच्यात मूलभूत अंतर आहे. दुसरी अशी की, बोलणाऱ्याला खरोखर काही गमवावे लागले असते काय? जेथे धोका नाही तेथे पडद्याचे समर्थन दुबळे ठरते. तिसरी अशी की, नावाचा विश्वस्त कोण आहे आणि तो विश्वासास पात्र आहे काय?

तिसरी कसोटी लेखकापेक्षा संस्थेला लागू पडते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्याने या बाबतीत एक मध्यम मार्ग स्वीकारला आहे. तक्रार लेखी आणि नावानिशी करावी लागते, परंतु तक्रारदार स्त्रीची ओळख जाहीर करण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणजे नाव समितीपाशी राहते, बाजारात जात नाही. परमहंस सभेला जी हमी मिळाली नव्हती ती येथे कायदा देऊ पाहतो. ती प्रत्यक्षात मिळते की नाही, हे मात्र समितीतील माणसांवर आणि शिक्षककक्षातील कुजबुजीवर अवलंबून राहते.

समारोप

‘एक हिंदू’पासून ‘विभावरी शिरूरकर’पर्यंतच्या या प्रवासात निनावी लेखनातील ‘मी’ दोन भिन्न रूपांत दिसतो. पुरुष लेखकांनी नाव झाकून स्वतःला युक्तिवादाबाहेर ठेवले आणि विचाराला निर्वैयक्तिक बळ मिळवून दिले. स्त्रियांनी नाव झाकून स्वतःला प्रथमच मजकुरात आणले. पहिल्या प्रकाराने मराठी समाजाला सार्वजनिक वाद घालण्यास शिकविले, तर दुसऱ्याने खाजगी दुःख हा सार्वजनिक प्रश्न असू शकतो हे दाखवून दिले. मुक्ता आणि ताराबाई यांची उदाहरणे या दोहोंना मर्यादा घालतात. नाव झाकणे हा सर्वश्रेष्ठ मार्ग आहे असे ती म्हणू देत नाहीत, तसेच उघडपणे बोलण्याची किंमत किती जबर होती हेही विसरू देत नाहीत.

अभ्यासकांनी या लेखकांची खरी नावे शोधून काढली, हे वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने उपकारकच झाले. धोका टळल्यानंतर नाव कळणे हा लेखकाचा सन्मान असतो. धोका कायम असताना ते शोधणे ही वेगळी गोष्ट आहे. वर्गातून आलेली नावाविना चिठ्ठी हाती पडली असता अक्षर कोणाचे हे ओळखण्याचा मोह अनुभवी शिक्षकालाही होतो, आणि पुष्कळदा ते ओळखूही येते. अशा वेळी चिठ्ठी पुन्हा एकदा, केवळ तिच्यातील मजकुरासाठी वाचणे आणि ओळखलेले नाव स्वतःपाशीच ठेवणे, एवढे त्या शिक्षकाच्या हाती असते.